संध्याकाळी सातला कुठे जायचं? दारू सोडणाऱ्यासाठी ए.ए. मीटिंगची वाट

सकाळी मी रोज दारू सोडायचो. अंघोळ झाली की देवासमोर हात जोडून, कधी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून. दुपारपर्यंत ते टिकायचंही. मग सात वाजायचे. ऑफिसातून निघालं की बसस्टॉपच्या अलीकडे परमिट रूम लागायची, आणि 'एक नाईन्टी मारून निघू' हे मनात यायच्या आधीच मी आत असायचो.

लोकांनी मला खूप सांगितलं. मन घट्ट कर, मुलांकडे बघ, माळ घाल. माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्याशी बोललो तेव्हा कळलं की माळेबरोबर त्यांना संध्याकाळचं भजनी मंडळ मिळालं होतं, एकादशी मिळाली होती, दिंडीतली माणसं मिळाली होती. मला कोणीच सांगितलं नव्हतं की सात ते साडेआठ बसायचं कुठे. ती जागा मला एका शाळेच्या वर्गात मिळाली, लहान मुलांच्या बाकांवर. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए.ची मीटिंग. तिथपर्यंत कसं पोहोचायचं आणि पोहोचल्यावर काय करायचं, ते इथे लिहितो. नाव लिहीत नाही, कारण ए.ए.च्या बारा परंपरांमध्ये, म्हणजे आमचे गट ज्यावर चालतात त्या तत्त्वांमध्ये, तसंच सांगितलं आहे.

ए.ए.ची सुरुवातही अशाच एका संध्याकाळी झाली. १९३५च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल कामासाठी अमेरिकेतल्याच ॲक्रन गावी गेला होता. पिणं सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. सौदा फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार होता, दुसऱ्या टोकाला फोन. तो फोनकडे गेला, चर्चमधल्या लोकांना फोन करत राहिला आणि आपल्यासारखाच पिणारा कोणी बोलायला मिळेल का, असं विचारत राहिला. त्यातून त्याला गावातला एक सर्जन भेटला, तोही दारूने बुडालेला. त्या डॉक्टरने शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून १९३५, ए.ए.चा स्थापना दिन मानला जातो. भारतात ए.ए. १९५७ पासून आहे.

आधी डॉक्टर

तुम्ही रोज पीत असाल, सकाळी हात थरथरतात म्हणून उतारा घ्यावा लागत असेल, तर उद्यापासून एकदम बंद करू नका. हे मी कळकळीने सांगतो. शरीराला रोजच्या दारूची सवय झालेली असते. ती अचानक थांबली की साधारण सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलटी, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींचं भान जातं, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलताना ऐकू येतात, ताप चढतो. यात माणूस दगावू शकतो. घरचे याला 'बाहेरचं काहीतरी' समजून अंगारा लावत बसतात आणि वेळ जातो. अशा वेळी १०८ला फोन करून सरळ दवाखान्यात न्यायचं.

म्हणून पहिली पायरी म्हणजे डॉक्टरला रोजचं खरं प्रमाण सांगणं. क्वार्टर असेल तर क्वार्टर, खंबा असेल तर खंबा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. मुंबईत के.ई.एम., नायर, सायन यांच्या ओपीडी आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पाच-सात दिवसांच्या औषधांनी शरीर शांत होतं. मीटिंग हे काम करत नाही, आणि मीटिंगचं काम गोळ्या करत नाहीत. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवायला काहीच हरकत नाही. एखाद्या मीटिंगमध्ये कोणी 'डॉक्टरच्या गोळ्या बंद कर, त्याही नशाच' असं म्हणाला तर ते त्याचं वैयक्तिक मत आहे. ऐकू नका.

'मी खरंच दारूडा आहे का' या प्रश्नावर मी तीन वर्षं घालवली. माझ्याकडे पुरावा होता: मी श्रावण पाळायचो. महिनाभर थेंब नाही. पण गटारीला मी दोघांची पिऊन घ्यायचो आणि श्रावण संपायचे दिवस बोटांवर मोजायचो, हे मी त्या पुराव्यात धरत नव्हतो. मीटिंगला यायला या प्रश्नाचं उत्तर लागत नाही. ए.ए.त यायची अट एकच आहे: दारू थांबवायची इच्छा.

मीटिंग शोधणं

ए.ए.चं भारतातलं जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावर राज्य आणि शहरानुसार माहिती मिळते, हेल्पलाइनचा नंबरही मिळतो. मोठ्या शहरांत 'इंटरग्रुप' असतो, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या गटांचं समन्वयाचं ऑफिस. त्यांच्याकडे वार, वेळ आणि पत्ता यांची यादी असते. व्यसनमुक्ती केंद्रं, सरकारी रुग्णालयांतले समाजसेवक आणि चर्चची ऑफिसं यांनाही आसपासच्या मीटिंगा ठाऊक असतात, कारण पुष्कळ मीटिंगा चर्चच्या हॉलमध्ये किंवा महापालिकेच्या शाळेत भरतात. काहीच हाती लागलं नाही तर केंद्र सरकारच्या नशामुक्ती हेल्पलाइनला, १४४४६ला फोन करा. मनावर फार ताण असेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६.

ए.ए. हा एकच मार्ग नाही. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते सुरू केलं. तिथून उपचार घेऊन गेलेल्यांसाठी राज्यातल्या अनेक शहरांत फॉलो-अपचे गट चालतात. साताऱ्याला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही व्यसनमुक्ती संस्था आहे. फादर जो परेरा यांचं कृपा फाउंडेशन १९८१ला वांद्र्यात सुरू झालं. तिथे ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या, म्हणजे व्यसनातून सुटण्यासाठी एकेक करून करायच्या टप्प्यांच्या, जोडीला योगासनं असतात. गडचिरोलीत असाल तर 'सर्च' या संस्थेच्या पुढाकाराने चालणाऱ्या मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाची तालुका क्लिनिकं विचारा.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. यादी हातात आली की नावाजलेला गट कोणता, मोठी माणसं कुठे येतात, हे बघू नका. एक कागद घ्या. तुम्ही किती वाजता पिता ते लिहा. कामावरून घरी कोणत्या रस्त्याने जाता ते काढा आणि त्यावर दुकान कुठे लागतं तिथे खूण करा. मग जी मीटिंग तुमच्या पिण्याच्या वेळेला आहे आणि जिथे जाताना व येताना ती खूण टाळता येते, ती तुमची. माझ्या घराजवळ रविवारी सकाळी दहाला चांगली मीटिंग होती. रविवारी सकाळी दहाला मला दारूची आठवणही यायची नाही. मी दोन बस बदलून सातची मीटिंग धरली आणि परतताना रेल्वेच्या पुलावरून फिरून यायचो. पंधरा मिनिटं जास्त लागायची.

फोन कराल तेव्हा

फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः सुटलेला माणूस असतो, नोकरदार नव्हे. त्याच्यासमोर लाजायचं कारण नाही. 'मला दारूचा त्रास आहे, मीटिंगला यायचंय' एवढं पुरतं. त्याला पुढच्या गोष्टी विचारून घ्या.

मीटिंग खुली आहे की बंद? खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, मित्र, कोणीही येऊ शकतं. बंद मीटिंग फक्त पिणं थांबवू इच्छिणाऱ्यांसाठी असते. एकट्याने जायचा धीर नसेल तर खुली निवडा. भाषा कोणती? मुंबईत आणि गोव्यात इंग्रजी, हिंदी, मराठी, कोकणी असे वेगवेगळे गट आहेत, आणि स्वतःची लाज परक्या भाषेत सांगता येत नाही. नेमकं कुठे? हे खोदून विचारा. शाळेचं पुढचं फाटक संध्याकाळी बंद असतं आणि वाट मागच्या गल्लीतून असते. कुलूप बघून परत फिरलेली माणसं मला माहीत आहेत, आणि ती तिथून कुठे गेली हेही माहीत आहे. आज मीटिंग नक्की आहे ना? दिवाळीची सुट्टी, बोर्डाची परीक्षा, मतदान अशा वेळी शाळेची खोली मिळत नाही आणि जागा बदलते.

शेवटचं: 'फाटकावर कोणी भेटेल का?' विचारायला संकोच करू नका. नव्या माणसाला आणायला जाणं हे आमच्यासाठी ओझं नाही, आमची दारू त्यानेच लांब राहते. कित्येकदा दोन जण घरी किंवा जवळच्या हॉटेलात चहाला येऊन भेटतात.

पहिला दिवस

पोटभर खाऊन जा. उपाशी पोटाला दारूच आठवते. पाच-दहा मिनिटं आधी पोहोचा. अर्धा तास आधी गेलात तर आजूबाजूला फिरत बसाल, आणि फिरता फिरता पाय दुसरीकडे नेतील. मी पहिल्या दिवशी समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात शिरलो आणि नको असलेला पेन घेतला. पैसे देत होतो तेवढ्यात दुधाची पिशवी घेऊन एक गृहस्थ आले आणि हळूच म्हणाले, "मीटिंगला ना? चला, मला चहा टाकायचाय." ते म्हणाले नसते तर मी आत गेलो असतो, याची खात्री मला आजही देता येत नाही.

त्या दिवशी आधीच प्यायला असाल तर? तरीही जा. बहुतेक गट बसू देतात. फक्त बोलू नका, शांत बसून ऐका.

फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. तुम्हाला फक्त नाव विचारतील, आडनाव नाही. याचं मोल मला खूप उशिरा कळलं. आपल्याकडे आडनाव सांगितलं की गाव निघतं, जात निघते, पाहुणे निघतात आणि 'अमक्याचे तुम्ही कोण?' इथपर्यंत गोष्ट जाते. त्या खोलीत माझ्या एका बाजूला बँकेतले साहेब होते, दुसऱ्या बाजूला गोदीतला कामगार, आणि दोघंही मला फक्त पहिल्या नावाने माहीत आहेत. ओळखीचं कोणी भेटलं तर काय, ही भीती प्रत्येकाला असते. भेटलं, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो.

मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. सुरुवातीला थोडा वेळ शांतता, मग ए.ए. म्हणजे काय हे वाचून दाखवतात. नंतर शेअरिंग. एकेक जण उठतो, 'माझं नाव अमुक आणि मी मद्यपी आहे' असं म्हणतो, सगळे त्याला नावाने नमस्कार करतात, आणि तो आपली गोष्ट सांगतो: कसा प्यायचो, काय घडलं, आता कसा आहे. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, सांगून झाल्यावर वादही घालत नाही. आपल्याला सल्ल्याची इतकी सवय असते की ही शांतता सुरुवातीला चमत्कारिक वाटते. तुमची पाळी आली तर 'मी पहिल्यांदा आलोय, आज फक्त ऐकतो' म्हणा. कोणी आग्रह करणार नाही. मद्यपी हा शब्द तोंडातून निघत नसेल तर नका म्हणू.

डबा फिरेल. त्यात सभासद स्वेच्छेने दहा-वीस रुपये टाकतात, त्यातून खोलीचं भाडं आणि चहा निघतो. बाहेरच्या कोणाकडून ए.ए. देणगी घेत नाही. नव्या माणसाने काही टाकायची गरज नाही. फोटो काढायचे नाहीत, रेकॉर्डिंग करायचं नाही, आणि ऐकलेलं घरी जाऊनसुद्धा सांगायचं नाही. शेवटी शांतिप्रार्थना होते.

संपल्यावर लगेच पळू नका. चहाची ती पंधरा मिनिटं माझ्या मते मीटिंगइतकीच मोलाची आहेत. तीन जणांचे फोन नंबर घ्या आणि त्याच रात्री त्यातल्या एकाला 'घरी पोहोचलो' एवढा फोन करा. पहिला फोन चांगल्या वेळी केलेला असला की वाईट वेळी दुसरा करता येतो.

देव न मानणाऱ्यांसाठी

बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो आणि तिथे पुष्कळ जण अडतात. मूळ शब्द 'आपल्याला जसा उमगला तसा ईश्वर' असे आहेत. कोणी त्यात विठ्ठल पाहतो, कोणी येशू, कोणी काहीच पाहत नाही. माझा एक नास्तिक मित्र म्हणतो, "मी एकट्याने अठरा वर्षांत जे करू शकलो नाही ते या खोलीने केलं. मला एवढी मोठी शक्ती पुरे." तरीही मन घेत नसेल तर मुक्तांगण किंवा परिवर्तन यांच्यासारख्या संस्थांचे गट बघा.

उपयोग होतो का, हेही विचारायला हवं. २०२०मध्ये कॉक्रेन या संशोधन संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. त्यात १०,५६५ जण होते. ज्यांना ए.ए.शी नीट, ठरलेल्या पद्धतीने जोडून दिलं, त्यांच्यात पूर्ण दारूमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण इतर मान्य उपचारांपेक्षा जास्त आढळलं. 'जोडून दिलं' हे शब्द लक्षात घ्या. नुसता पत्ता हातात देणं वेगळं.

पुढचे काही आठवडे

पहिल्या मीटिंगवरून मत बनवू नका. एखाद्या गटात नुसती रडगाणी वाटतील, एखाद्यात एकच माणूस तासभर बोलेल. किमान सहा मीटिंगा करा, त्याही दोन-तीन वेगळ्या गटांत. नव्याला 'नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा' असंही सांगतात. मोठ्या शहरात ते जमतं. लहान गावात आठवड्याच्या दोन मीटिंगा आणि बाकी पाच दिवस सातला कोणाला तरी फोन, असं करा.

महिना-दोन महिन्यांत एक स्पॉन्सर निवडा, म्हणजे बारा पायऱ्यांतून तुम्हाला हाताला धरून नेणारा जुना सभासद. वर्षाहून जास्त काळ सोबर असलेला आणि स्वतः पायऱ्या केलेला हवा. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. तो तुमचा डॉक्टर नाही, वकील नाही, सावकारही नाही. त्याच्याकडून उसने पैसे घेऊ नका आणि तो मागत असेल तर देऊ नका.

बायकांना इथे जास्त अडचण येते. पुरुष प्यायला तर 'सवय आहे', बाई प्यायली तर तिचं चारित्र्यच काढतात. त्यामुळे त्या फार उशिरा येतात. बाईने फोनवरच विचारावं की गटात बायका येतात का, आणि सुरुवात बायकांच्या किंवा ऑनलाइन मीटिंगने करावी. मुक्तांगणचा महिलांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. गटातला कोणी पुरुष मदतीच्या नावाखाली जास्त जवळीक करू लागला तर गटातल्या जुन्या बाईला लगेच सांगा. असं घडतं, आणि ते लपवण्यात कोणाचंच भलं नाही.

भूक, राग, एकटेपणा, थकवा: यातलं एक जरी अंगात असलं तरी पिण्याची ओढ वाढते. आधी जेवा, मग विचार करा. गटारी, धुळवड, ३१ डिसेंबर, घरातल्या लग्नाची वरात यांच्या तारखा आधीच कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी कोणत्या गटाची मीटिंग आहे ते आठवडाभर आधी विचारून ठेवा. मी चार महिन्यांनी चुलतभावाच्या हळदीत घसरलो. आमच्यात याला स्लिप म्हणतात. लाजेने तीन आठवडे गेलो नाही. मग पहिल्या दिवशी दुधाची पिशवी घेऊन भेटलेल्या त्या गृहस्थांचा फोन आला. त्यांनी काही विचारलं नाही. "उद्या मंगळवार. चहाला ये," एवढंच म्हणाले. घसरलात तर दुसऱ्याच दिवशी जा. तीन आठवडे थांबलो, ही माझी चूक घसरण्याहून मोठी होती.

घरच्यांसाठी

प्यायलेल्या माणसाशी रात्री भांडू नका. सकाळी शुद्धीत असताना, चार लोक नसताना, 'काल काय झालं' ते शांतपणे सांगा आणि मीटिंगचा कागद समोर ठेवा. तो नाही आला तर तुम्ही जा. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी १९५१पासून अल-अनॉन आहे, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे, आणि मुक्तांगणचा पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. माझी बायको माझ्या आधी आठ महिने जात होती. तिने ऑफिसात माझ्यासाठी 'ताप आलाय' असे खोटे फोन करणं थांबवलं, तेव्हा मला पहिल्यांदा जमीन लागली.

'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातीतलं औषध चोरून जेवणात घालू नका. डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचं औषध घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो. ते औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीनेच द्यायचं असतं. तसंच, रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेणाऱ्या, भेटू न देणाऱ्या केंद्रात कोणाला टाकू नका. दाखल करण्याआधी मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी बघायला मागा, आणि डॉक्टर रोज येतात का ते विचारा.

जवळपास मीटिंगच नसेल तर

२०२०च्या लॉकडाऊनपासून ऑनलाइन मीटिंगा रुळल्या, मराठीतही होतात. परदेशी असलेल्यांना याचा मोठा आधार आहे. भारतातली रात्री आठची मीटिंग उन्हाळ्यात न्यू जर्सीला सकाळी साडेदहाला पडते. पण तिथल्यांनी स्वतःच्या सात वाजता गावातली इंग्रजी मीटिंगही धरावी. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं. आडनाव मात्र स्क्रीनवरून काढून टाका.

आणि गावात खरंच कोणी नसेल, तर गट सुरू करता येतो. दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन जण एकत्र बसले तरी ए.ए.च्या परंपरेप्रमाणे तो गट होऊ शकतो. अट एवढीच, की तो गट म्हणून दुसऱ्या कशाशी बांधलेला नसावा. मुंबईच्या ऑफिसकडून मराठी साहित्य मिळतं. समाजमंदिर, शाळा, ग्रंथालय, जिथे किल्ली हातात मिळेल आणि राजकीय बोर्ड नसेल अशी खोली बघा. वार आणि वेळ ठरवा आणि मग ती बदलू नका. तालुक्याच्या डॉक्टरला, पोलीस पाटलाला आणि आशाताईंना सांगून ठेवा. आमच्या मावळातल्या गटात पहिले पाच बुधवार दोघंच होतो. सातला कुलूप उघडायचं, पुस्तकातलं एक पान वाचायचं, एकमेकांना ऐकायचं, साडेआठला कुलूप लावायचं. सहाव्या बुधवारी एक बाई आल्या, आपल्या मुलाचं विचारायला.